खुर्चीत पाणी कुठून शिरलं

अक्का, परवा शोरूमवाल्याचा फोन आला होता. त्यानं आपणहून फोन करायची ही पहिलीच वेळ. एरवी आपण लावायचो आणि तो उचलायचा नाही. मोबाईलवर त्याचं नाव दिसलं तेव्हा मी मेथीची जुडी बाजूला ठेवून नुसती बघत राहिले, मग उचलला.

"वहिनी, मॅडम गेल्याचं कळलं. लई वाईट वाटलं," तो म्हणाला. थोडा वेळ असंच बोलला आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "ती बॅटरीची खुर्ची आता नुसती पडून असंल. जागा अडत असंल तुमची. आमची गाडी पाठवतो, घेऊन जाऊ आम्ही. ते अपिलाचंही मग मिटवून टाकू. आता कुणासाठी भांडायचं, सांगा."

घरात विचारून सांगते म्हणाले आणि फोन ठेवला. तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. कुणी नुसतं तुमचं नाव काढलं तरी माझे डोळे भरतात. त्या फोननंतर मात्र भरले नाहीत. मनात एवढंच आलं, की ह्याला आपल्या जागेची काळजी कधीपासून लागली? ह्याला ती खुर्ची कशाला पाहिजे? मग मीच दचकले. असा विचार करायची सवय माझी नाही, अक्का. ती तुमची होती.

तुमच्याइतकी संशयी बाई मी पाहिली नाही. नणंदेच्या तोंडावर हे म्हणायची माझी छाती नव्हती, आज म्हणते. गॅसची टाकी आली की त्या माणसाला थांबवून वजन करायला लावायचात. शेजारच्या काकूंनी कधी नव्हे ती वाटीभर खीर पाठवली, तर ती सगळी खाऊन झाल्यावर म्हणायचात, "ह्यात काहीतरी हाय, संगीता." आणि दोन दिवसांनी काकू नातवाच्या शिकवणीचं विचारायला यायच्या. तेव्हा तुम्ही माझ्याकडं असं बघायचात, की हसू दाबायला मला आत जावं लागायचं.

हाच तुमचा संशय माझ्या वाट्याला पहिल्यांदा आला, तेव्हा तो माझ्या बाजूचा होता. बिडकीनहून लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा बारावी झाले होते. पुढं शिकायचं मनात होतं, पण बोलायची हिंमत नव्हती. एकदा चुकून तोंडातून निघालं, तर सासूबाई म्हणाल्या, "आता शिकून काय करायचंय? घरात काय कमी हाय?" तुम्ही नुकत्याच शाळेत शिकवून आला होतात. तेव्हा काठीवर चालायचात. काठी भिंतीला टेकवत म्हणालात, "घरात कमी नाय म्हणून तर शिकायचं. तिला नको कोण म्हणतंय, आन् का म्हणतंय, एवढं मला कळू दे." परत कुणी नको म्हणालं नाही.

मी बी.ए. झाले, अंगणवाडीत लागले, पर्यवेक्षिका झाले, ते सगळं ओट्यापाशी. मी पोळ्या लाटायची आणि तुम्ही दारात खुर्ची टाकून नागरिकशास्त्र सांगायचात. शाळेत तुम्ही कसं शिकवायचात मला माहीत नाही, मला मात्र असं शिकवलंत: "हक्क कुणी देत नसतं, संगीता. तो आपलाच असतो, फक्त कुणीतरी त्याच्यावर बसलेलं असतं. त्याला उठवायचं."

तुमच्या स्नायूंचा आजार हळूहळू वर चढत गेला. काठी गेली, ढकलायची खुर्ची आली. ती तुम्ही मनापासून कधी वापरली नाहीत. हातांत चाकं फिरवायची ताकद नव्हती, म्हणजे मागं कुणीतरी पाहिजे. "मागं माणूस असला की कुठं जायचं ते तो ठरवतो," म्हणायचात. मग स्वतःच्या बचतीतून तुम्ही ती बॅटरीची खुर्ची घेतली, जालना रोडवरच्या शोरूममधून. एका बोटानं जॉयस्टिक पुढं केली की चालायला लागायची. पुंडलिकनगरची गल्ली, तिथले खड्डे, गाई, पाइपलाइनसाठी खोदून ठेवलेले चर, सगळं तुम्ही आठवड्यात पाठ केलंत. शाळेत एकट्या जायला लागलात. शाळा सुटल्यावर कुणाला न सांगता भाजी घेऊन यायचात.

मी फोन करायची, "अक्का, कुठं आहात?"

"बाहेर," तुम्ही म्हणायचात. एवढंच. तो शब्द तुम्ही असा उच्चारायचात जसा कुणी माहेरच्या गावाचं नाव घेतं.

दीड-दोन वर्षं तशी गेली. मग एका सकाळी शाळेला जाताना पिठाच्या गिरणीपाशी खुर्ची उभी राहिली. जॉयस्टिकवर लाल दिवा लुकलुकत होता. मी पोचले तर चार माणसं ती ढकलायला बघत होती आणि तुम्ही त्यांना थांबवत होतात. "आधी चाकाजवळचा खटका पाडा, नायतर मोटर जाईल." तुमच्या डोक्यावरचा पदर सरकला होता आणि तो नीट करायलाही हात वर जात नव्हता. मी तो नीट केला. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत.

शोरूममधून सांगितलं, उद्या मेकॅनिक येऊन कंट्रोलर घेऊन जाईल. कंट्रोलर म्हणजे सीटखालचा काळा डबा, खुर्चीचा मेंदू. त्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलं, "तुझ्याकडं ती नखाला लावायची लाल बाटली हाय का?" मला वाटलं तुम्हाला कुठं जायचंय. तुम्ही मला फरशीवर आडवं पडायला लावलं आणि त्या डब्याच्या खालच्या अंगाला, जिथं कुणी बघणार नाही तिथं, एक ठिपका द्यायला सांगितला.

"अक्का, हे जरा जास्तच होतंय," मी खुर्चीखालून म्हणाले.

"घरातली वस्तू बाहेर चाललीय. परत येईल ती आपलीच असली पाहिजे," तुम्ही म्हणालात.

मेकॅनिक आला, डबा काढून घेऊन गेला. पोक्त माणूस, शांत बोलायचा. आठ दिवसांत होईल म्हणाला.

त्या आठ दिवसांचे महिने झाले. उन्हाळा संपला, शाळा सुरू झाली, पोळा झाला, गणपती आले आणि गेले. तुम्ही पलंगावर, नाहीतर ढकलायच्या खुर्चीवर खिडकीशी. रोज मी कामावरून येऊन शोरूमला फोन लावायचा. पार्ट कंपनीतून येतो, आपल्या हातात नाही. साहेब बाहेर गेलेत. उद्या सांगतो. तुमच्या सांगण्यावरून मी फोन स्पीकरवर ठेवायला लागले, तुम्ही शेजारी बसून ऐकायचात. शेवटी एकदा मालक स्वतः बोलला.

"मॅडम, कंट्रोलरमध्ये पाणी शिरलंय. पाणी शिरलं की वॉरंटीत बसत नाही."

"पाणी?" तुम्ही म्हणालात. "आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, ते बी तासभर. खुर्चीत कुठून शिरलं?"

"पावसाचं असंल."

"खुर्ची बंद पडली वैशाखात. तवा कुठला पाऊस?"

"मग धुताना असंल, मॅडम."

"प्यायला पुरंना, खुर्ची कोण धुतंय?"

तो फोन कट झाला. तुम्ही मोबाईल माझ्याकडं सरकवलात. मग म्हणालात, "त्यानं माझा डबा दुसऱ्याच्या खुर्चीत बसवलाय."

मला ते पटलं नव्हतं. पण तोपर्यंत शाळेनं तुमचा दहावीचा वर्ग दुसऱ्या बाईंना दिला होता. मुख्याध्यापक घरी येऊन गेले, नारळपाणी घेऊन आले होते. "मॅडम, आता जरा विश्रांती घ्या," म्हणाले. ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "ह्यांना बी बरं झालं." तेही मला तेव्हा पटलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही शाळेत परत गेलात तेव्हा कळलं, तो वर्ग कायमचाच गेला होता.

आणि मग तो दिवस. मी चहा घेऊन आले होते. शोरूमला फोन नुकताच झाला होता, नेहमीसारखाच. तुम्ही कप घेतला नाहीत. म्हणालात, "तू त्याला आधीच सांगून ठेवतीस का?"

"काय सांगून ठेवते?"

"मी समोर बसलेली असले की असं बोल म्हणून."

मला कळेचना तुम्ही काय म्हणताय. तुम्ही पुढं बोललात. "मी पलंगावर असले की तुमचं बरं असतं. कुठं गेली, कवा येईल, बघायला नको. दाराला कडी घातली की झालं."

मी कप स्टुलावर ठेवला आणि आत गेले. सकाळी कामावर जायच्या आधी तुमची पाठ पुसायची, कूस बदलायची, जिथं कातडी लाल व्हायला लागली होती तिथं मलम लावायचं, हे माझे हात करत होते, आणि तुम्ही त्याच हातांविषयी बोलत होतात. चार-पाच दिवस मी कामापुरतं बोलले. तुम्हीही. तो कपातला चहा पुन्हा गरम करून देऊ का, हेही मी विचारलं नाही. त्या भांडणाचा शेवट आपण कधी केलाच नाही, अक्का. ते तसंच बाजूला पडलं आणि त्याच्यावर दुसरी कामं येत गेली.

ह्यांनाही तुम्ही सोडलं नाहीत. "दिलीप दर शनिवारी म्हणतो जाऊन येतो, जातो का खरंच?" हे जायचे. दोनदा तर तिथं दारात बसून राहिले, मालक मागच्या दारानं निघून गेला. घरी येऊन सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तुम्ही आणखी चिडाल असं ह्यांना वाटायचं. तुमचा भाऊ कमी बोलतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी तुम्ही त्या न बोलण्यातही काहीतरी शोधत होतात.

रेहाना आली ती त्याच दिवसांत. तुमची जुनी विद्यार्थिनी, आता वकील. सणासुदीला भेटायला यायची तशी आली आणि तुम्हाला पलंगावर बघून दारातच थांबली. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "टीचर, तुम्ही फोन करायचं बंद करा. फोनचं काही राहत नाही. आपण नोटीस पाठवू. आणि मेहेरबानी मागायची नाही त्यात, बरं का. तुम्ही गिऱ्हाईक आहात. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आहे, ग्राहकांचा कायदा आहे. ये लोग समझते हैं खुर्ची देके एहसान किया."

नोटीस गेली आणि आठवड्याच्या आत मेकॅनिक हजर. डबा, लॅपटॉप, एक वायर आणि बिल. नवा कंट्रोलर आणलाय म्हणाला. डबा जागेवर लावला, वायर लॅपटॉपला जोडली, काहीतरी बटणं दाबली. माझा चहा उकळायच्या आत खुर्ची सुरू झाली.

"काय केलंत?" तुम्ही विचारलंत.

"सेटिंग केली, मॅडम."

तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "खाली बघ."

मी फरशीवर आडवी झाले. लाल ठिपका तिथंच होता. थोडा खरवडलेला, पण माझ्याच बाटलीचा. तोच डबा. काही जळलं नव्हतं, काही बदललं नव्हतं, कुठं पाणी शिरलं नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा वाटलं होतं तुम्ही म्हणाल, बघ, मी म्हणत नव्हते? तुम्ही तसं काही म्हणाला नाहीत. जॉयस्टिकवर बोट ठेवलंत. मग म्हणालात, "म्हणजे एवढ्या वायरसाठी?"

खरं काय ते कंपनीनंच रेहानाला लिहून कळवलं. खुर्चीत एखादी बारीक चूक झाली की कंट्रोलर स्वतःला कुलूप घालून घेतो, आणि ते फक्त अधिकृत विक्रेत्याच्या लॅपटॉपनं उघडतं. इथल्या शोरूमची ती परवानगी संपली होती आणि आपली नोटीस येईपर्यंत मालकानं ती पुन्हा घेतली नव्हती. कंपनीला हे माहीत होतं. गिऱ्हाइकांना कुणीच सांगितलं नाही. तुमचा डबा इतके महिने शोरूमच्या फळीवर पडून होता. तुम्हाला वाटत होतं तसं कुणी तो चोरला नव्हता. ते ऐकून मला वाईट जास्त वाटलं. चोरला असता तर निदान कुणाच्या तरी उपयोगी पडला असता.

तुम्ही ग्राहक आयोगात तक्रार केलीत. हे म्हणाले, "खुर्ची चालू झाली ना, आता कशाला?" नेमकं हेच समोरच्या वकिलानं पहिल्या तारखेला विचारलं. त्या दिवशी मी तुमच्याबरोबर होते. आयोगाच्या सदस्यांनी तुम्हाला विचारलं, तुमचं म्हणणं काय आहे. तुम्ही वर्गात बोलायचात तसं सावकाश बोललात.

"खुर्ची म्हणजे माझे पाय, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. पाय मला आहेत, ते चालत नाहीत. खुर्ची ही मी विकत घेतलेली वस्तू आहे. ती बंद पडली तर किती दिवसांत दुरुस्त होणार, तोवर मी कशावर बसणार, आणि तिला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडं आहे, हे विकणाऱ्यानं मला सांगायला पाहिजे. मला दया नको, मुदत पाहिजे."

परत येताना रिक्षात मी तुमचा हात धरला होता. तुम्ही सोडवून घेतला नाहीत. मला वाटलं आता काहीतरी बोलाल, त्या कपाविषयी, त्या दिवसाविषयी. तुम्ही म्हणालात, "तो वकील फार शांत होता. ह्यात काहीतरी हाय."

शेवटच्या तारखेला माझी अंगणवाड्यांची बैठक होती म्हणून हे तुमच्याबरोबर आले. घरी आल्यावर मी विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, "झालं." ह्यांनी बूट काढले आणि म्हणाले, "भूक लागलीय."

निकाल तुमच्या बाजूनं लागला. ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती, तोपर्यंत दुसरी चालती खुर्ची, आणि कुलपाची माहिती विकतानाच गिऱ्हाइकाला द्यायची. विक्रेता आणि कंपनी दोघंही जबाबदार. रेहाना पेढे घेऊन आली. तुम्ही पेढा खाल्लात आणि विचारलंत, "अपील कवा करतील?" केलंच त्यांनी.

ह्या थंडीत तुम्हाला खोकला लागला. तो उतरला नाही. इतके महिने पडून राहिल्यापासून तुमचा दम कमी झालेला होताच. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी झालंय. मला एकदम त्या मालकाचा आवाज आठवला. तुम्ही तोंडावरचा मास्क जरा सरकवून म्हणालात, "इचार त्यांना, कुठून शिरलं." नर्स हसली. मीही हसले. आपण दोघी मिळून हसलो ते तेवढंच शेवटचं.

तुम्ही गेल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, ते महिने पडून राहिल्यामुळं हे झालं का. ते म्हणाले, असं सांगता येत नाही, आजारच तसा आहे. चांगले आहेत ते. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते, अक्का, तुम्ही बघायचात तशी. सांगता येत नाही की सांगायचं नाही? अजूनही कूस बदलताना मध्येच जाग आली की मी तेच धरून बसते. कुणाला विचारणार? आधी तुम्हाला विचारलं असतं, आणि तुम्ही म्हणाला असतात, ह्यात काहीतरी हाय.

शोरूमवाल्याच्या फोनचं मी रेहानाला सांगितलं. ती लगेच म्हणाली, "खुर्ची अजिबात देऊ नका. अपील चालू आहे, तो पुरावा आहे. आणि तक्रारदार गेल्यावर वारसांनी मुदतीत नाव लावलं नाही, तर आपल्या बाजूनं उभं राहायला कुणीच नाही, निकाल फिरवायचं त्यांचं काम आपोआपच होतं." म्हणजे तुमच्या पद्धतीनं विचार केला तो बरोबर निघाला. भाऊ म्हणून ह्यांची सही लागणार होती. हे नको म्हणत होते. "ती गेली. आता तिला कोर्टात कशाला ओढायचं," एवढंच म्हणायचे.

मग रविवारी करमाडचे सय्यदभाई भेटायला आले. तुम्ही त्यांच्याशी फोनवरच बोलला होतात. टेलरिंगचं दुकान आहे, त्याच शोरूमची खुर्ची, तिलाही तसंच कुलूप लागलं होतं. तुमच्या निकालाची प्रत लावून त्यांनीही तक्रार केली आणि त्यांची खुर्ची उघडून मिळाली. भाच्याच्या टेम्पोतून आले, खुर्चीसकट. तुमच्या फोटोसमोर थोडा वेळ थांबले. मग ह्यांना म्हणाले, "भाईसाब, मी त्यांना कधी बघितलं नाय. आवाजच ऐकला. पर वो ऑर्डर टिकना चाहिये. ती गेली तर माझी केसबी गेली. उद्या परत बंद पडली तर मी कुणाला दाखवू?"

हे त्यांना टेम्पोपर्यंत सोडायला गेले. परत येऊन म्हणाले, "रेहानाला विचार, सही कुठं करायची."

काल रेहाना कागद घेऊन आली. ह्यांनी सह्या केल्या. ती कागद आवरताना सहज म्हणाली, "वहिनी, लागलं तर तुमचंही शपथपत्र देऊ. टीचरनी तुमच्याविषयी सांगितलंच होतं तिथं."

"माझ्याविषयी काय?"

तिला वाटलं मला माहीत आहे. शेवटच्या तारखेला समोरच्या वकिलानं म्हटलं होतं, की उशीर आमच्यामुळं झालाच नाही. बाईंच्या घरच्यांनीच पाठपुरावा केला नाही, बाईंनी आमच्या मेकॅनिकला स्वतः तसं सांगितलंय. आणि तुम्ही सांगितलं होतंत, अक्का. मी कामावर असताना तो चार्जर न्यायला आला होता तेव्हा. घरचेच फोन करत नाहीत, असं त्याला म्हणाला होतात.

"मग?" मी विचारलं.

"मग टीचर म्हणाल्या, ते मी रागात बोलले होते. माझी भावजय रोज फोन करायची. मी शेजारी बसून ऐकायची. तिनं केलं तेवढं माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं नसतं." रेहाना म्हणाली, "सदस्यांनी ते तसंच लिहून घेतलं."

मी ह्यांच्याकडं बघितलं. "तुम्ही तिथं होतात?"

"व्हय, म्हणाली ती तसं," हे म्हणाले. "मला वाटलं तुला सांगितलं असंल तिनं."

तुम्ही नाही सांगितलंत. चार परक्या माणसांसमोर बोललात, आणि घरी येऊन म्हणालात, झालं. नंतर इतके दिवस मी तुमचे केस विंचरले, तुमच्या पायांत मोजे घातले, तेव्हा कधी नाही बोललात. काल रेहाना गेल्यापासून मी हेच उलटंसुलटं करतेय. तुम्ही ते खरं वाटलं म्हणून बोललात, की नाहीतर केस हातची जात होती म्हणून? तुम्हाला मी ओळखते. कुठं काय बोललं की काम होतं, हे तुम्हाला कळायचं. तुम्ही माझ्या जागी असतात तर नक्की म्हणाला असतात, ह्यात काहीतरी हाय.

मी तसं म्हणणार नाही. रेहानाला खोदून विचारणार नाही, तुमचा आवाज कसा होता, चेहरा कसा होता. तुमच्याकडून मी पुष्कळ घेतलं, हे एवढं घेणार नाही. तुम्ही बोललात ते मी खरं धरून चालले आहे.

शपथपत्रासाठी रेहाना मला विचारणार आहे, टीचर कशा होत्या, काय झालं, तुमच्या शब्दांत सांगा. मी सांगेन. मी सांगेन, की अक्का फार संशयी होत्या. त्यांनी शोरूमवाल्यावर संशय घेतला, कंपनीवर घेतला, शाळेवर घेतला, आणि त्यांचे संशय खरे निघाले. घरच्यांवरचा एक सोडून.